फोटो एकच, फोल्डर दोन!

राजारामपुरीत स्टुडिओ चालवणाऱ्या मित्रानं विचारलं, "भावा, एकच फोटो दोन फोल्डरमध्ये पाहिजे, पण जागा दुप्पट जायला नको." त्याच्याकडं लिनक्स आहे. म्हटलं, लिंक कर.

हार्ड लिंक (कमांड 'एलएन') म्हणजे त्याच फाइलला दुसरं नाव. एक नाव डिलीट केलं तरी फाइल राहते. पण हार्ड लिंक त्याच पार्टिशनवर चालते, फोल्डरला नाही.

सिम्बॉलिक लिंक ('एलएन -एस') फक्त पत्ता सांगते. फोल्डरला, दुसऱ्या डिस्कलाही चालते. मूळ फाइल हलवली की तुटते. पाथ पूर्णच द्या.

दोन्हींत आधी मूळ नाव, मग नवं.

लिंक म्हणजे बॅकअप नव्हे! मूळ फोटो खराब झाला, तर लिंकमधूनही खराबच दिसेल. शिकताना रिकाम्या फोल्डरमध्ये करून बघा.

काही अडलं तर कमेंटमध्ये विचारा.