मेलेल्या प्रोसेसला ‘किल’ कशाला?

लिनक्स सर्व्हरवर ‘पीएस’च्या यादीत ‘झेड’ अक्षर आणि शेजारी ‘डिफंक्ट’ दिसलं, की नवख्या अ‍ॅडमिनचा हात थेट ‘किल -९’कडे जातो. ओळ जागची हलत नाही. मग झॉम्बी प्रोसेस रॅम खातेय असं ठरवून सर्व्हर रीस्टार्ट होतो. बिचाऱ्या झॉम्बीवर विनाकारण आळ!

ती प्रोसेस आधीच संपलेली असते, म्हणून कुठलाही सिग्नल तिला लागू पडत नाही. तिची मेमरी, उघडलेल्या फाइल्स कर्नलने केव्हाच परत घेतलेल्या असतात. उरते प्रोसेस टेबलमधली नोंद: पीआयडी आणि काम कसं संपलं याचा कोड. तो कोड तिला जन्म देणाऱ्या पालक प्रोसेससाठी राखलेला असतो. पालकाने ‘वेट’ हा कॉल केला की नोंद पुसली जाते. तो करतच नसेल तर दोष पालकाच्या कोडमध्ये. पालकच बंद केला, तर पोरकी नोंद सहसा पीआयडी १कडे जाते आणि तो ती निकालात काढतो. कंटेनरमध्ये मात्र पुष्कळदा आपलं अ‍ॅपच पीआयडी १ असतं, त्याला हे काम ठाऊक नसतं, आणि झॉम्बी साचत जातात. खरा धोका तिथे आहे, कारण पीआयडींचा साठा मर्यादित असतो; अनेक मशीनवर ३२,७६८.

प्रोसेस जन्मते कशी, याबद्दलही घोळ आहेच. शेलमध्ये ‘एलएस’ टाइप केलं की शेल आधी ‘फोर्क’ने स्वतःचीच प्रत काढतो, ती प्रत ‘एक्झेक’ करून ‘एलएस’ बनते, पीआयडी तोच राहतो. पीडीपी-७वरच्या सुरुवातीच्या युनिक्समध्ये या फोर्कला असेंब्लीच्या अवघ्या २७ ओळी पुरल्या होत्या.

मग दोन जीबीच्या प्रोसेसने फोर्क केला तर आणखी दोन जीबी लागतात का? नाही. सामाईक सातबाऱ्यासारखी मेमरी दोघांच्या नावावर राहते. कुणी एखाद्या पेजवर लिहायला गेलं की तेवढ्याच पेजची, साधारणपणे चार केबीची, वेगळी प्रत निघते.

अँड्रॉइडचा सगळा डोलारा याच युक्तीवर आहे. तिथे ‘झायगोट’ नावाची प्रोसेस सामाईक लायब्ररी आधीच लोड करून बसते आणि अ‍ॅप्स तिच्यातून फोर्क होतात. म्हणूनच रिसेंट्समधून अ‍ॅप्स सतत सरकवून फोन ‘हलका’ करण्यात फारसा अर्थ नाही. मेमरी कमी पडली की पार्श्वभूमीतल्या प्रोसेस अँड्रॉइड स्वतःच बंद करतो. तुम्ही आधीच बंद केलेलं अ‍ॅप मात्र पुढच्या वेळी पुन्हा पहिल्यापासून उभं करावं लागतं.