किल्ट : नेहमीच्या वापरातील एक वस्त्र

स्कॉटलंड म्हटले की बॅगपाइप वाजवणारा आणि गुडघ्यापर्यंत चौकड्यांचे वस्त्र ल्यालेला पुरुष आपल्या डोळ्यांपुढे उभा राहतो. या वस्त्राला ‘किल्ट’ म्हणतात. चित्रांतून ते नेहमी संचलनात किंवा लग्नसमारंभात दिसत असल्यामुळे ते केवळ मिरवण्याचे वस्त्र असावे, असा आपला समज होतो. काही जण तर त्याला घागरा समजून हसतात. वस्तुतः किल्ट हे पुरुषाचेच वस्त्र असून डोंगरात, वाऱ्यापावसात गुरांमागे हिंडणाऱ्या माणसाच्या गरजेतून ते निर्माण झाले.

उत्तर स्कॉटलंडच्या डोंगराळ मुलखाला हायलँड्स म्हणतात. तेथील पुरुष सोळाव्या शतकाच्या अखेरीस लोकरीचे एक लांबरुंद कापड अंगाभोवती घेऊ लागले. माग अरुंद असत, म्हणून दोन पट्टे जोडून कापडाची रुंदी वाढवीत. कमरेभोवती चुण्या घ्यायच्या, वरून चामड्याचा पट्टा आवळायचा आणि उरलेला भाग खांद्यावर टाकायचा, अशी ते नेसण्याची रीत होती. पाऊस आला की खांद्यावरचा भाग डोक्यावर येई. रात्री पट्टा सोडला की त्याचेच पांघरूण होई. येथे आपल्या धनगराचे घोंगडे कोणालाही आठवेल. अठराव्या शतकाच्या आरंभी वरचा भाग वगळून कमरेखालचे वस्त्र तेवढे वापरात आले. हा बदल टॉमस रॉलिन्सन नावाच्या एका इंग्रज कारखानदाराने घडवून आणला, असे सांगतात. मात्र सर्व अभ्यासकांना ते मान्य नाही.

एप्रिल 1746 मध्ये कलोडनच्या लढाईत हायलँड्समधील बंडखोरांचा पराभव झाला आणि त्याच वर्षी ब्रिटिश संसदेने त्यांच्या पोशाखावर बंदी घालणारा कायदा केला. किल्ट घातल्याबद्दल पहिल्या अपराधाला सहा महिने कैद आणि दुसऱ्या अपराधाला सात वर्षे समुद्रापार हद्दपारी, अशी शिक्षा होती. सवलत होती ती फक्त सैनिकांना. म्हणजे जे वस्त्र घरी घालणे हा गुन्हा, तेच राजाच्या फौजेत गणवेश! हा कायदा 1782 मध्ये रद्द झाला. परंतु मधल्या 36 वर्षांत एक पिढी विजारीत वाढली होती. कायदा गेला तरी मोडलेली सवय सहजासहजी परत आली नाही.

1822 मध्ये राजा चौथा जॉर्ज एडिंबरोला आला. त्याच्या स्वागताची आखणी कादंबरीकार सर वॉल्टर स्कॉट यांनी केली होती आणि राजाने स्वतः किल्ट परिधान केला. किल्टला प्रतिष्ठा लाभली खरी, पण ती दरबारी. गुराख्याचे वस्त्र समारंभाचे झाले. आपल्याकडे धोतरही आता अनेक घरांत लग्नमुंजीपुरतेच पेटीबाहेर निघते.

अलीकडे मात्र काही जण किल्ट पुन्हा रोजच्या वापरात आणत आहेत. स्कॉटलंडच्या फुटबॉल संघाचे चाहते किल्टवर संघाची जर्सी घालून परदेशांतही जातात. कोणी त्यावर साधा स्वेटर किंवा टी-शर्ट घालतो आणि पायांत जाड मोजे व बूट चढवतो. समारंभी कोट, मोज्यात खोचलेली सुरी ही सारी सामग्री अशा वेळी घरीच राहते. लोकरीच्या पारंपरिक किल्टला सुमारे आठ यार्ड, म्हणजे सात मीटरहून अधिक कापड लागते. रोजच्यासाठी कमी कापडाचे, हलके किल्टही शिवतात. जाड सुती कापडाचे, खिसे असलेले किल्टही आता मिळतात. पारंपरिक किल्टला खिसा नसतो. म्हणून पुढे चामड्याची छोटी पिशवी लटकवतात. तिला ‘स्पोरन’ असे नाव आहे.

आपल्या धोतराच्या निऱ्या पुढे येतात, तर किल्टच्या चुण्या मागे असतात आणि त्या शिवून पक्क्या केलेल्या असतात. पुढे दोन सपाट पदर एकावर एक येतात. किल्ट विजारीपेक्षा उंच, बेंबीच्या पातळीवर बांधावा लागतो. खालचा काठ गुडघ्याच्या मध्यापर्यंत पोहोचला की माप बरोबर. वरच्या पदराला एक टाचणी लावतात, ती फक्त त्याच पदरातून ओवायची असते. दोन्ही पदर एकत्र टाचले तर चालताना कापड ओढले जाऊन फाटते. बसताना मागच्या चुण्या हाताने सारख्या कराव्या लागतात. नवख्या माणसाला हे दोन-चार दिवस जड जाते. त्याहून जड जातात त्या रस्त्यावरच्या नजरा.

किल्टच्या चौकडीच्या नक्षीला ‘टार्टन’ म्हणतात. विशिष्ट टार्टन विशिष्ट घराण्याचे, ही कल्पना मुख्यतः एकोणिसाव्या शतकात रुजली. आपण त्या घराण्यातले नसू तर किल्ट कसा घालावा, हा संकोच त्यातूनच येतो. परंतु तशी मनाई करणारा कायदा नाही. 2009 पासून स्कॉटलंडमध्ये टार्टनांची सरकारी नोंदवही आहे आणि तीत गावांची, संस्थांची, नव्याने आलेल्या समाजांचीही टार्टने नोंदवली जातात. तेथे स्थायिक झालेल्या शीख कुटुंबांसाठी ‘सिंग’ नावाचे टार्टन तयार झालेले आहे.