वाळलेला हात आणि भाकरीचा घास



वाळलेल्या हाताच्या मनुष्याची कथा आपण शुभवर्तमानात अनेकदा ऐकली आहे. तो हात उजवा होता, असे संत लूक आवर्जून सांगतात. संत जेरोम यांनी तर एक जुनी परंपरा नोंदवून ठेवली आहे की, तो मनुष्य गवंडी होता आणि भीक मागण्याची लाजिरवाणी पाळी येऊ नये म्हणून त्याने प्रभूजवळ आरोग्य मागितले.

आमच्या धर्मग्रामातही असाच एक गवंडी आहे. पक्षाघाताने त्याचा उजवा हात लुळा पडला. पत्नी त्याला मायेने भरवी, सदरा घाली. तिच्या सेवेची मीही स्तुती केली. परंतु एके दिवशी तो म्हणाला, "फादर, घरात मला काही कमी नाही; पण मी तान्ह्या पोरासारखा झालोय." तेव्हा माझे डोळे उघडले.

डॉक्टरांनी त्याला व्यवसायोपचारतज्ज्ञाकडे पाठविले. शहरात यांनाच ऑक्युपेशनल थेरपिस्ट म्हणतात. येथे 'व्यवसाय' म्हणजे केवळ पोटाचा धंदा नव्हे; जेवणे, अंघोळ, कपडे, शेतकाम, मुलाचे लिहिणे, ही सर्व नित्याची कामे त्यात येतात. भौतिकोपचारतज्ज्ञ मुख्यत्वे शरीराचे बळ व हालचाल सुधारतात. व्यवसायोपचारतज्ज्ञ ते बळ रोजच्या कामी कसे लावावे हे शिकवितात. भारतात या विद्येचे पहिले विद्यालय 1950 साली मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात श्रीमती कमला निंबकर यांनी सुरू केले.

त्या बाईंनी प्रथम विचारले, "तुम्हांला स्वतःला काय करावेसे वाटते?" तो उत्तरला, "माझ्या हाताने जेवायचंय." मग चमच्याच्या दांड्याला कापड गुंडाळून तो जाड केला, ताट सरकू नये म्हणून खाली ओले फडके घातले. सदरा चढविताना लुळा हात आधी, उतरविताना चांगला हात आधी, हे शिकविले. लुळा हात धरून रुग्णाला ओढू नये, अशी घरच्यांना ताकीद दिली.

असा तज्ज्ञ कोठे शोधावा? प्रथम आपल्या डॉक्टरांकडून चिठ्ठी घ्यावी. जवळच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात किंवा जिल्हा रुग्णालयात चौकशी करावी. पदवी व नोंदणी पाहावी. अशा रुग्णांचा अनुभव आहे काय, घरी कोणता अभ्यास करावा, खर्च किती, हे निःसंकोच विचारावे. आणि विलंब करू नये. तोंड वाकडे होणे, हातपाय लुळा पडणे, बोबडी वळणे असे अचानक घडल्यास मात्र तत्काळ रुग्णालय गाठावे.

आमचा गवंडी अद्याप भिंत बांधू शकत नाही. तथापि तो स्वतःच्या हाताने जेवतो. त्याला अर्धा तास लागतो आणि पत्नी शेजारी हात आवरून बसते. तिच्या प्रेमाची ही अधिक कठीण सेवा होय. गेल्या रविवारी मिस्साच्या वेळी त्याने डाव्या हाताचा आधार देऊन उजवा हात कपाळापर्यंत नेला आणि क्रुसाची खूण केली.