निजामशाहीची परराष्ट्रनीती व शेजारी राज्ये

एखाद्या राज्याच्या परराष्ट्रनीतीची कसोटी दूरच्या सत्तांशी केलेल्या पत्रव्यवहारात लागत नाही. ती सीमेवरील शेजाऱ्यांशी केलेल्या वर्तनात लागते. १४९० मध्ये मलिक अहमदने स्थापिलेली व १६३६ मध्ये लयास गेलेली अहमदनगरची (आजचे अहिल्यानगर) निजामशाही ह्या दृष्टीने अभ्यासण्याजोगी आहे. बहमनी राज्याच्या विघटनातून निर्माण झालेल्या ह्या राज्यास दक्षिणेस विजापूर, पूर्वेस बीदर व गोवळकोंडा, ईशान्येस वऱ्हाड, उत्तरेस खानदेश आणि किनाऱ्यावर चौल येथे पोर्तुगीज असे शेजारी लाभले होते.

ह्यांपैकी विजापूरशी असलेल्या वैराचे मूळ सोलापूरच्या किल्ल्यात होते. १५२४ च्या सुमारास आदिलशाही राजकन्येचा विवाह बुऱ्हाण निजामशहाशी झाला. सोलापूर आंदण म्हणून देण्याचे ठरले, परंतु ते दिले गेले नाही. त्यातून युद्धांची मालिका सुरू झाली. पुढे चांदबिबीचा विवाह अली आदिलशहाशी झाला तेव्हा तोच किल्ला उलट दिशेने आंदण गेला. ह्या सोयरिकीमुळे १५६५ मध्ये विजयनगरविरुद्ध तालिकोटची संयुक्त मोहीम शक्य झाली. मात्र समान शत्रू नाहीसा होताच ऐक्याचे प्रयोजनही ओसरले. १५७०-७१ मध्ये निजामशहाने चौलला आणि आदिलशहाने गोव्याला वेढा घातला, पण दोन्ही वेढे निष्फळ ठरले.

तदनंतर उभय राज्यांनी विस्ताराच्या दिशा परस्परांत वाटून घेतल्या. विजापूरने कर्नाटकाकडे वळावे व निजामशहाने वऱ्हाड घ्यावे, असे ठरले. त्यानुसार १५७४ मध्ये मुर्तजा निजामशहाने इमादशाही बुडवून वऱ्हाड जिंकले. हा निजामशाहीचा सर्वांत मोठा विजय होय, आणि आमच्या मते तिच्या संकटाचा आरंभही तोच. माळवा ह्यापूर्वीच अकबराच्या ताब्यात आला होता. मोगल व निजामशाही ह्यांमध्ये वऱ्हाडचा जो आडोसा होता, तो निजामशहाने स्वतःच दूर केला. १५८६ मध्ये मोगल फौजेने माळव्यातून येऊन एलिचपूर लुटले, तेव्हा त्याचा परिणाम प्रत्यक्ष दिसला. पुढे १५९५ मध्ये वारसाकलहातील एका पक्षाने मोगलांनाच पाचारण केले. चांदबिबीने किल्ला शर्थीने लढविला. तथापि १५९६ च्या तहात द्यावा लागला तो वऱ्हाडच. १५९७ मध्ये विजापूर, गोवळकोंडा व अहमदनगर ह्यांच्या फौजा गोदावरीकाठी एकत्र लढल्या, परंतु पराभूत झाल्या. १६०० मध्ये अहमदनगरचा किल्ला पडला.

मलिक अंबरने उरलेले राज्य सावरले. आरंभी त्याने विजापूरचे साहाय्य मिळविले होते. परंतु १६२४ मध्ये अहमदनगरजवळील भातवडी येथे आदिलशाही फौज मोगलांच्या बाजूने त्याच्याविरुद्ध उभी राहिली. अंबर विजयी झाला. पण दक्षिणेतील एकजुटीची आशा त्या रणभूमीवर फार थोडी उरली. १६२६ मध्ये तो वारला, १६३३ मध्ये दौलताबाद मोगलांच्या हाती गेले आणि शहाजीराजांनी चालविलेला अखेरचा प्रयत्न १६३६ मध्ये संपुष्टात आला. त्याच वर्षी शहाजहानने केलेल्या तहान्वये निजामशाहीचा मुलूख वाटला गेला. विजापूरच्या वाट्यास इतर प्रदेशांबरोबर सोलापूरही आले.

ज्या किल्ल्यासाठी दोन राज्ये शंभरांहून अधिक वर्षे झगडली, तो अखेर मोगल बादशहाच्या मान्यतेने एकास मिळाला. परंतु वऱ्हाड घेऊन निजामशहाने जी चूक केली, तीच निजामशाहीच्या वाटणीत सामील होऊन आदिलशहाने केली. आता मोगलांची सरहद्द त्याच्या दाराशी आली. बरोबर पन्नास वर्षांनी, १६८६ मध्ये, विजापूर पडले व पुढील वर्षी गोवळकोंडाही.

दुर्बळ शेजाऱ्याचा मुलूख मिळविणे हा नेहमीच लाभ नसतो. पुष्कळदा त्या शेजाऱ्याचे अस्तित्व हेच आपले संरक्षण असते. दक्षिणेतील सुलतानांना हे उमगले नसेल असे नाही. १५९७ ची एकजूट तेच दर्शविते. परंतु ती संकट दाराशी आल्यावर झाली, आणि तोपर्यंत वऱ्हाड हातचे गेले होते.