हमीपत्र हाती, दुरुस्ती परगावी

बुलढाणा जिल्ह्याची एक भौगोलिक गंमत अशी, की जिल्ह्याचे मुख्य ठाणे अजिंठ्याच्या डोंगरमाथ्यावर बऱ्यापैकी गार हवेत वसलेले आहे, आणि राजूरचा घाट उतरून मोताळा मागे टाकले, की मलकापूर, नांदुरा, शेगाव, जळगाव जामोद हा पूर्णेच्या खोऱ्यातला मुलूख वैशाखात असा पेटतो, की उन्हात उभ्या केलेल्या मोटारीच्या कडीलाही हात लावण्याची सोय उरत नाही. या मुलखात मोटारीच्या बॅटरीवर चालणाऱ्या छोट्या फ्रिजचा मोह कोणालाही पडावा. ११ डिसेंबर २०२२ रोजी समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा टप्पा खुला झाल्यापासून मेहकर-सिंदखेडराजाच्या अंगाने लांबची सफर सुकर झाली आहे. पण हौसेची गोष्ट बाजूला ठेवली, तरी आषाढीला शेगावहून पंढरपूरला पायी निघालेल्या एखाद्या मधुमेही वारकऱ्याचे इन्सुलिन, किंवा खेड्यापाड्यांत न्यावयाच्या कोंबड्यांच्या लसी, या वस्तूंना २ ते ८ अंशांचा गारवा लागतो, आणि तेथे फ्रिज बिघडणे म्हणजे केवळ सरबत कोमट होणे नव्हे.

आमच्या परिचयाच्या मलकापूरच्या एका गृहस्थांनी असा एक फ्रिज घरबसल्या मागविला. तो आला, दिवा लागला, पाटीवर आकडाही उमटला. परंतु गाडीत ठेवल्यावर कॉम्प्रेसर क्षणभर घुरघुरे आणि गप्प होई. कंपनीच्या टोल फ्री क्रमांकावर बराच काळ संगीत ऐकून झाल्यावर पलीकडून प्रथम पिनकोड विचारण्यात आला, आणि तो सांगताच अत्यंत मधुर स्वरात उत्तर मिळाले, की हा पिनकोड आमच्या सेवाक्षेत्रात येत नाही. विकताना जो पिनकोड चालला, तो दुरुस्तीला का चालू नये, हा प्रश्न विचारण्याची तजवीज त्या यंत्रणेत नव्हती. शेवटी ती जड पेटी स्वखर्चाने अकोल्यास नेली, तेव्हा कारागिराने ती टेबलावर ठेवून भिंतीतल्या विजेवर लावली, तासाभराने आत हात घालून पाहिले आणि निर्वाळा दिला, "साहेब, फ्रिज तं चांगला चालते." जॉबशीटवर शेरा पडला : दोष आढळला नाही.

येथे कारागीर खोटे बोलत होता असे मानण्याचे कारण नाही, आणि आमचे गृहस्थही खोटे बोलत नव्हते. हे फ्रिज मोटारीच्या १२ व्होल्टच्या प्रवाहावर चालतात, आणि बॅटरी पूर्ण उतरून गाडी वाटेत अडू नये म्हणून दाब ठरावीक पातळीखाली गेला, की आपण होऊन बंद पडतात. आता सोबत दिलेली तार अर्धा चौरस मिलिमीटर इतकी बारीक आणि चार मीटर लांब असली, तर जाता-येता आठ मीटर तांब्यातून पाच अँपिअर प्रवाह वाहताना जवळजवळ १.४ व्होल्ट वाटेतच खर्ची पडतात. इंजिन बंद असताना बॅटरीत साडेबारा व्होल्ट असले, तरी फ्रिजच्या दारी अकराच पोहोचतात, आणि संरक्षक यंत्रणा त्याला रजा देते. भिंतीतल्या विजेवर हा प्रसंगच उद्भवत नाही. म्हणजे दोष पेटीत नसून तारेत आहे. पण तारही त्याच खोक्यातून, त्याच किमतीत आलेली असताना ती मालाचा भाग नव्हे असे कसे म्हणता येईल?

दुसरा प्रकार याहून बेरकी आहे. कॉम्प्रेसर नसलेल्या, केवळ विद्युत्पट्टीच्या योगाने गारवा निर्माण करणाऱ्या स्वस्त पेट्याही फ्रिज याच नावाने खपविल्या जातात, आणि त्यांची ताकद बाहेरच्या हवेपेक्षा साधारण २० अंशांनी खाली जाण्याइतकीच असते. नांदुऱ्यात ४५ अंश तापमान असता आत २५ अंश होणार, आणि ती पेटी आपले काम यथास्थित करते आहे असाच तिचा अहवाल येणार. खऱ्या फ्रिजांनाही मर्यादा आहेच : आंतरराष्ट्रीय मानकांत घरगुती फ्रिजांचे हवामानाप्रमाणे वर्ग केलेले असून त्यांतला उष्ण कटिबंधाचा वर्गदेखील ४३ अंशांवर थांबतो. पूर्णेच्या खोऱ्यातला मे महिना हा आकडा सहज ओलांडतो, आणि बंद मोटारीच्या आतली हवा तर त्याच्याही कितीतरी वर जाते. हमीपत्राच्या बारीक अक्षरांतले 'विहित परिस्थितीत वापर' हे निरुपद्रवी दिसणारे शब्द नेमके अशा वेळी कंपनीच्या कामी येतात.

दाद मागण्याची व्यवस्था मात्र आता पूर्वीपेक्षा पुष्कळ जवळ आली आहे. १९७४ साली पुण्यात बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायतीची चळवळ उभारली, आणि १९८६ च्या डिसेंबरात ग्राहक संरक्षण कायदा झाला. पण त्या कायद्याखाली फिर्याद करावयाची ती विक्रेत्याच्या ठिकाणी किंवा जेथे वादाचे कारण घडले तेथे, आणि परप्रांतातून टपालाने माल मागविणाऱ्याला आधी हद्दीचाच वाद लढावा लागे. २० जुलै २०२० पासून अमलात आलेल्या २०१९ च्या कायद्याने ही अडचण एका फटक्यात दूर केली : तक्रारदार जेथे राहतो तेथेच त्याला अर्ज करता येतो, म्हणजे मलकापूरच्या माणसाने बुलढाण्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात जावे आणि परप्रांतीय कंपनीने आपला जबाब तेथे रुजू करावा. पाच लाखांपर्यंतच्या किमतीला शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, आणि मुदत वादाचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची आहे. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून पाहण्यास हरकत नाही. पुष्कळदा तेवढ्यानेही कंपनीचा कंठ फुटतो. संगणकावरून माल विकणाऱ्या बाजारपेठांना तर २०२० च्या नियमांनी तक्रारीची पोच ४८ तासांत देणे आणि महिन्याभरात निवारण करणे बंधनकारक केले आहे. एक सावधगिरी मात्र हवी : औषधांच्या घाऊक व्यापाऱ्याने धंद्यासाठी फ्रिज घेतला, तर तो या कायद्याचा ग्राहक ठरत नाही, स्वतःच्या उपजीविकेसाठी राबणाऱ्या छोट्या माणसाला तेवढी सवलत आहे.

न्याय असा घाट चढून बुलढाण्यापर्यंत आला; दुरुस्ती मात्र अकोल्याच्या अलीकडे यायला तयार नाही, आणि माझ्या मते खरा गाऱ्हाण्याचा विषय हाच आहे. न्यायालयेही या बाबतीत ग्राहकाच्या रागाइतकी उदार नाहीत. मारुती मोटारीच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली असे ठरविले, की हमीपत्रात सदोष भाग बदलून देण्याचे वचन असता सबंध मोटार बदलून देण्याचा हुकूम करता येत नाही. म्हणून नवा फ्रिज मागणाऱ्याने दोष मुळातला आहे हे सिद्ध करण्याची तयारी ठेवली पाहिजे. आयोग वस्तूचा नमुना मोहोरबंद करून प्रयोगशाळेत पाठवू शकतो, परंतु तपासणीचे शुल्क आधी तक्रारदाराने भरावयाचे असते. आणि ज्या दाव्याचा निकाल एरवी तीन महिन्यांत लागावा अशी कायद्याची अपेक्षा आहे, त्याला तपासणी लागली की ती अपेक्षाच पाच महिन्यांवर जाते.

आमच्या गृहस्थांना एका मोटार-वायरमनने सुचविलेला उपाय याहून पुष्कळ स्वस्त होता : गाडी बंद, फ्रिज चालू, आणि फ्रिजच्या टोकाशी मीटर लावून त्यावरचा आकडा तारखेसह छायाचित्रात घ्यायचा. ते छायाचित्र जोडून त्यांनी कंपनीला लेखी पत्र धाडले, आणि पुढच्या खेपेस अकोल्याच्या कारागिराकडून जॉबशीटवर आणखी एक ओळ लिहवून घेतली, की तपासणी १२ व्होल्टवर व सोबतच्याच तारेने केली.