आकडेमोड (भाग ९) : देवळालीची ६१७४

मागच्या भागात १५३ पाहिली. तिच्या अंकांचे घन मिळवले की तीच परत येते. आज कागद-पेन्सिल घेऊनच बसा.

कुठलीही चार अंकी संख्या घ्या, चारही अंक सारखे नसले म्हणजे झालं. अंक आधी उतरत्या क्रमाने मांडा, मग चढत्या, आणि मोठ्या संख्येतून लहान वजा करा. उत्तरावर पुन्हा तेच. १९०५ घेऊ : ९५१० − ०१५९ = ९३५१. पुढे ८१७२, ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६ आणि सातव्या वजाबाकीला ६१७४. इथून हलता येत नाही, कारण ७६४१ − १४६७ = ६१७४. संख्या कुठलीही घ्या, सातच्या आत इथेच याल. (मधे तीन अंकी ९९९ आली तर ०९९९ लिहायचं. बहुतेकांचं गणित चुकतं ते इथे.)

१९०५ मुद्दाम घेतलं. त्या वर्षी दत्तात्रय रामचंद्र कापरेकर डहाणूला जन्मले. फर्ग्युसनमध्ये शिकले आणि १९३० ते १९६२ देवळालीला शाळामास्तर होते. ६१७४ त्यांनी १९४९ साली मद्रासच्या गणित परिषदेत मांडली. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनरनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मधल्या आपल्या सदरात कापरेकरांवर लिहिलं, तेव्हा कुठे त्यांचं नाव जगभर झालं.

आता यातली जादू जरा उसवून बघू. उतरत्या क्रमातले अंक क, ख, ग, घ धरा. वजाबाकीचं उत्तर नेहमी ९९९ × (क − घ) + ९० × (ख − ग) इतकंच येतं. म्हणजे मूळ संख्येतलं बाकी सगळं गळून पडतं, दोन फरक तेवढे उरतात. बाहेरचा फरक १ ते ९, आतला शून्यापासून फार तर बाहेरच्याएवढा. अशा जोड्या ५४ भरतात. जवळपास दहा हजार संख्या पहिल्याच वजाबाकीत ५४ वर येतात! त्या ५४ एकेक करून तपासल्या की झाली सिद्धता. ६१७४ साठी फरक ६ आणि २ : ५९९४ + १८० = ६१७४.

खरं सांगायचं तर यात फार खोल काही नाही. आपण दहाच्या पटीत लिहितो, त्याचा हा योगायोग. तीन अंकांना ४९५ मिळते. दोन अंकांना मुक्कामच नाही, ९, ८१, ६३, २७, ४५ आणि पुन्हा ९ अशी नुसती फेरी. पाच अंकांतही तशाच फेऱ्या.

मला ६१७४ आवडते ती वेगळ्याच कारणाने. तिच्या अंकांची बेरीज १८, आणि १८ ने तिला निःशेष भाग जातो. अशा संख्यांना कापरेकरांनीच ‘हर्षद’ नाव दिलं. भागाकार येतो ३४३, म्हणजे ७ चा घन. पण ३४३ म्हणजे १ + १८ + ३२४ सुद्धा! म्हणून ६१७४ = १८ + १८² + १८³. एक, एखादी संख्या आणि तिचा वर्ग यांची बेरीज पूर्ण घन यावी, हे नैसर्गिक संख्यांत एकट्या १८ लाच साधतं. नॉर्वेचे गणितज्ञ ल्युंग्रेन यांनी ते सिद्ध केलं. वजाबाकीचा खेळ दशमान पद्धतीपुरता आहे; हे समीकरण मात्र रोमन अंकांत लिहिलं तरी तितकंच खरं.