चिप: चेंडू उचलण्याचा नव्हे, उतरवण्याचा फटका

गोल्फमध्ये प्रेक्षकांची नजर दूरवर जाणाऱ्या फटक्यांवर खिळते, परंतु स्कोअरकार्डवरचा आकडा पुष्कळदा ग्रीनच्या, म्हणजे होलभोवती अगदी बारीक कापलेल्या हिरवळीच्या, कडेवर ठरतो. ग्रीनपासून काही पावलांवर थांबलेला चेंडू जमिनीलगत थोडासा उडवून ग्रीनवर टाकावयाचा आणि उरलेले अंतर त्याला घरंगळत जाऊ द्यावयाचे, या फटक्याला ‘चिप’ म्हणतात. उंच कमान घेणाऱ्या ‘पिच’पेक्षा तो वेगळा आहे, चिपमध्ये चेंडूचा हवेतील प्रवास अल्प आणि जमिनीवरचा दीर्घ असतो.

या फटक्याला ताकद लागत नाही, याचा ठळक दाखला १९३८ च्या पीजीए चॅम्पियनशिपच्या अंतिम सामन्यात मिळाला. एकेक होल जिंकण्या-हरण्याच्या त्या पद्धतीत लहान चणीच्या पॉल रनयनने सॅम स्नीडला सात होल बाकी असतानाच आठ होलांच्या आघाडीने नमवले. स्नीडचा पहिला फटका रनयनच्या फटक्यापेक्षा कितीतरी पुढे जात असे. ती तूट रनयनने ग्रीनच्या आसपास भरून काढली.

नवशिक्याची चिप बहुधा एकाच समजुतीमुळे बिघडते, ती म्हणजे चेंडू वर जायचा तर त्याला खालून उचलले पाहिजे. डाव चालवून भात वाढावा तसे मनगट ऐन क्षणी पुढे वळते, शरीराचा भार मागच्या पायावर जातो आणि क्लबचे, म्हणजे गोल्फच्या काठीचे, टोक वर उठू लागते. मग एकतर क्लब चेंडूच्या आधी मातीत रुततो आणि चेंडू हातभर सरकून थांबतो, किंवा क्लबची खालची धार चेंडूच्या मध्यावर आदळून तो ग्रीन ओलांडून पलीकडे जातो. चेंडूचा व्यास जेमतेम ४३ मिलिमीटर असल्यामुळे या दोन्ही चुकांमध्ये बोटभराचेही अंतर नसते. वास्तविक चेंडू उचलण्याचे काम क्लबच्या तोंडाला दिलेला तिरकसपणा, म्हणजे ‘लॉफ्ट’, करीत असतो; क्लब किंचित खाली उतरत असताना चेंडूला भिडला की चेंडू आपोआप वर येतो. हे पटणे हीच चिपिंगमधील सर्वांत अवघड पायरी आहे, कारण इथे हाताला जे स्वाभाविक वाटते तेच नेमके चुकीचे असते.

क्लब खाली उतरत असताना चेंडूला भिडावा, या एका गोष्टीच्या सोयीसाठीच उभे राहण्याची पद्धत असते. पाय जवळ घ्यावेत, भार होलच्या बाजूच्या पायावर थोडा अधिक ठेवावा व तो शेवटपर्यंत तिथेच राहू द्यावा, आणि हात चेंडूच्या किंचित पुढे असावेत. क्लब मनगटाने न उडवता खांद्यांच्या झोक्याने मागे-पुढे न्यावा. मागचा झोका मोठा घेऊन चेंडूपाशी येताना हात आखडणे हा दोष फार आढळतो. त्यापेक्षा झोका लहान ठेवून तो न अडखळता पूर्ण करणे केव्हाही श्रेयस्कर.

क्लबची निवड करताना एक जुना ठोकताळा उपयोगी पडतो. सपाट ग्रीनवर १२ मधून क्लबचा क्रमांक वजा केला असता जो आकडा उरतो, तितक्या पटीने चेंडू हवेतील अंतराच्या मानाने घरंगळतो, असे त्यात धरलेले असते. चेंडू ग्रीनबाहेर दोन पावले आहे आणि ग्रीनवर एक पाऊल आत तो टेकवावयाचा आहे, म्हणजे हवेतील अंतर तीन पावले झाले. तिथून होल नऊ पावलांवर असेल, तर प्रमाण एकास तीन, अर्थात नऊ क्रमांकाचा ‘आयर्न’ क्लब. चढ असेल तर क्लब कमी लॉफ्टचा, उतार असेल तर अधिक लॉफ्टचा घ्यावा. या हिशेबाचा खरा लाभ असा, की खेळाडूची नजर होलवरून हटून चेंडू टेकण्याच्या जागेवर स्थिरावते.

गवताकडेही लक्ष हवे. उष्ण प्रदेशांतील मैदानांवर बर्म्युडा गवत लावतात, ते आपल्या हरळीचेच, म्हणजे गणपतीला वाहिल्या जाणाऱ्या दूर्वांचेच, भावंड. त्याची चिवट पाती खेळाडूच्या दिशेने झुकलेली असली तर क्लबची धार त्यांत अडकते; अशा वेळी हात फार पुढे न ढकलता क्लबचा तळ गवतावरून घसरू द्यावा लागतो.

सरावासाठी ग्रीनवर एक रुमाल अंथरून होलचा विचार न करता केवळ त्यावर चेंडू टेकवण्याचा अभ्यास करावा. मनगट तरीही आवरत नसेल, तर हातांची अदलाबदल करून पाहण्यास हरकत नाही. २०२२ ची यूएस ओपन जिंकणारा इंग्लंडचा मॅट फिट्झपॅट्रिक उजव्या हाताचा खेळाडू असूनही चिप मारताना डावा हात खाली धरतो.